तळ्यातलं माहेर

गोष्ट जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं चक्क ऐकून घेत!

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावाला एक तळं होतं. त्या तळ्यात मासा कधी नव्हताच. होते ते पाणकिडे, अळ्या आणि नाना तऱ्हेचे बारीक जीव. त्यांना पंख फुटले की संध्याकाळी चतुर आणि चिलटं पाण्यावरून भुरभुर वर उठत.

त्या गावात नदीकाठची एक पोर सून होऊन आली. तिचं नाव तापी. तिची सासू, म्हणजे आत्याबाई, तोंडानं फटकळ पण मनानं लोणी. तरी तापीला करमेना. माहेर किती लांब! सासरी येताना तिनं कळशीतून नदीतले थोडे मासे आणले होते, ते तळ्यात सोडले. पाण्याला गेली की ती त्यांच्याशी बोलत बसे. "काय रे, करमतं का तुम्हाला?" असं विचारी आणि आपलेच डोळे पुसी.

माशांना न करमायला काय झालं? आयतं ताट वाढलेलं! त्यांनी अळ्या खाल्ल्या, किडे खाल्ले, आणि वर्ष सरेतो तळंभर पिल्लावळ करून ठेवली. घागरीत किडा येईना. पाणी गाळायची कटकटच गेली. बाया म्हणू लागल्या, "सून मोठी पायगुणाची हो!" तापी मनातून सुखावली.

आता तापीच्या घरी दर उन्हाळ्यात एक भिंगरी यायची. पडवीच्या आढ्याला हे पाखरू चिखलाची वाटी लावी आणि त्यात अंडी घाली. आत्याबाई तिला लेकच म्हणत. ती असेपर्यंत पडवीचं दार लावायचं नाही, हा त्या घरचा रिवाज.

त्या साली पिल्लं निघाली, पण भिंगरी रिकाम्या चोचीनं परत येऊ लागली. पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. एका सकाळी घरट्याखाली एक पिल्लू गार पडलेलं तापीला दिसलं. तिनं ते ओंजळीत उचललं. ती स्वतः दोन जिवांची होती.

"अगं, तळ्यावर जाऊन काही टिपत का नाहीस?" तिनं विचारलं.

"काय टिपू, बाई?" भिंगरी म्हणाली. "पंख फुटायच्या आतच सगळं तुझ्या माशांच्या पोटात जातं. तुला माहेर जवळ हवं होतं, ते कळतं मला. पण हे घर माझं माहेर आहे गं. बाळंतपणाला मी दुसरीकडे कुठं जाऊ?"

तापीनं आढ्याकडे, उरलेल्या पिल्लांकडे पाहिलं. मग रडत रडतच सासूकडे गेली. "आत्याबाई, मासे काढायला हवेत. सगळे."

"आणि तुझी सोबत गं?"

"पिल्लं मरतायत, आत्याबाई."

सासूनं पदर खोचला. उन्हाळ्याचं पाणी गुडघ्याएवढंच होतं. दोघींनी लुगडं जाळ्यासारखं धरून तळं ओढायला घेतलं, आणि पिल्लांचं कळताच साऱ्या बाया पाण्यात उतरल्या. शेवटचा मासा हंड्यात पडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

तापी हंड्यांकडे बघत उभी राहिली. सासू कडाडली, "बघतेस काय? जिथून आणलेस तिथं नेऊन सोड. गाडी जुंपायला सांगते. आणि जातेच आहेस, तर बाळंतपण उरकूनच ये!"

तापी रडता रडता हसली.

तळं काही एका दिवसात भरून येत नाही. त्या साली घरट्यातून एकच पिल्लू उडालं. पण कुठून कुठून चतुर आले, चिलटं आली, त्यांनी पाण्यात पुन्हा अंडी घातली. पुढल्या उन्हाळ्यात तापी तान्ह्या लेकीला घेऊन पडवीत उभी होती. उघड्या दारातून भिंगरी आत आली. तिच्या मागोमाग ते जगलेलं पिल्लूही आलं, चांगलं मोठं होऊन.

आतून आत्याबाई ओरडल्या, "दार लावू नका गं, लेकी आल्यात!"

तर मुलांनो, आणि मुलांच्या आज्यांनो, आपल्या जिवाला विसावा जरूर शोधावा; पण त्यापायी दुसऱ्याची चूल विझत नाही ना, हे आधी पाहावं.