हाताखालचा गुडघा

“मग खोटं कोण बोलतंय, चाचा?”

हेरंबने दहाही कॅमेऱ्यांकडे रागाने पाहिलं. मिरजेच्या त्या दवाखान्यात माणसाची चाल मोजायची एक लांबट खोली होती. अंगावर चमकते मणी चिकटवायचे, माणसाला चालवायचं आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्यांनी प्रत्येक मणी टिपायचा.

खोली लावून द्यायला हेरंब पुण्याहून आला होता. फीत, ओळंबा, लेझर… आठवडाभर खपून त्याने कॅमेरे टांगले, सगळे छताजवळ आणि सगळे एका रेषेत. तरी तपासणीला आलेल्या राजश्रीच्या डाव्या गुडघ्यावरचा एकच मणी पडद्यावर कधी दोन व्हायचा, कधी नाहीसा.

तिच्या पायाचा कोणता स्नायू कापायचा, हे डॉक्टर उद्या याच आकड्यांवरून ठरवणार होते.

अत्तारचाचा स्टुलावर बसले होते. तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून झाल्यावर ते या खोलीतले कॅमेरे सांभाळत.

“एकही खोटं बोलत नाही,” ते म्हणाले.

“ताईच नीट चालत नाहीत. दर पावलाला हात गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर दाबतात, मणी झाकला जातो. हात काढा म्हटलं, तर…”

“तर?”

“दोन पावलांत पडायला आल्या.”

चाचांनी भिंतीशी बसलेल्या राजश्रीकडे पाहिलं. ती लहानपणापासून अशीच चालत होती, हाताने मांडी मागे रेटत. तिला हात काढ म्हणणारा हा पहिलाच शहाणा.

“दोन कॅमेरे खाली घे. गुडघ्याइतके. हाताखालचा मणी तिथून दिसेल.”

“माझी सगळी मापं मोडतील.”

“मोडू दे.”

नाक मुरडत हेरंबने दोन कॅमेरे खाली आणले. मग मण्यांची काठी उचलली. ही काठी खोलीभर फिरवायची. सगळे कॅमेरे तिच्याकडे बघतात आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखतात. हेरंबने ती खोलीच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, ऐटीत फिरवली.

“झालं.”

“ही तुझी चाल झाली,” चाचा म्हणाले. “आता राजश्री चालते तसा चाल.”

हेरंबचा चेहरा उतरला.

“ताईंसमोर…? वेडावून दाखवल्यासारखं दिसेल.”

“चाला की,” राजश्री म्हणाली. “मला न्हाई वाईट वाटत. फकस्त डावा पाय, साहेब. उजवा न्हवं.”

त्याने डावा हात मांडीवर दाबला, उजव्या हातातली काठी जमिनीलगत धरली आणि निघाला. राजश्री चुका सांगत होती.

“अजून वाका.”

“वळताना मी भिंत धरती. तिथं जावा.”

पाच फेऱ्या झाल्या, वीस झाल्या. शर्ट भिजला. ऐट कुठल्या कुठे गेली.

“थांब,” चाचा म्हणाले. “आता बघ.”

पडद्यावर दहा कॅमेरे अस्ताव्यस्त पडले होते. ते हलले… आणि एकेक करून आपापल्या जागी येऊन बसले. खाली घेतलेले दोन खाली, छताजवळचे छताजवळ. कुणी त्यांना जागा सांगितली नव्हती. एका लंगडत जाणाऱ्या काठीकडे सगळ्यांनी पाहिलं होतं, एवढंच.

हेरंबच्या अंगावर काटा आला. शंभर वेळा पाहिलेली गोष्ट तो आज पहिल्यांदा बघत होता. आपण फार लहान आहोत असं त्याला वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

त्याने विचारलं, “चाचा… खरंच जुळलं, हे कशावरून धरायचं?”

“तुला कुठे दुखतंय?”

हेरंबने कमरेच्या डाव्या बाजूला, हाडाच्या जरा वर, हात ठेवला.

राजश्री त्या हाताकडे बघत राहिली.

“तिथंच,” ती हळू म्हणाली. “मला बी बराबर तिथंच.”

चाचांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आता मोज.”