तेल्याच्या गालातला हिरडा

एका गावात एक तेली होता. त्याच्या घाण्याचं तेल चोख, पण डोकं कायम तापलेलं. त्याला ठकू नावाची सहा वर्षांची लेक होती आणि तिच्या तोंडी दिवसभर एकच अक्षर. तिळातून तेल निघतं, मग तांदळातून का नाही? बैलाला पेंड आवडते, मग मला का नाही?

एके दिवशी तेली वैतागून ओरडला, "कावळ्यासारखं का-का काय लावलंयस? पुन्हा का म्हणालीस तर बघ."

ठकूने तोंड मिटलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तेली खूश झाला. पण महिना गेला, दोन गेले, आणि पोर कशाकडे बघेना, कशाला हात लावेना. काही विचारलं की नुसतं "माहीत नाही." तेव्हा मात्र बाप धास्तावला. पोरीची बुद्धीच विझली की काय?

तो वैद्यबुवांकडे धावला. "बुद्धीचं औषध द्या. लेक मंद झाली हो माझी."

वैद्यबुवांनी सगळी हकिगत काढून घेतली आणि पुरचुंडीभर हिरडे दिले. "पोरीजवळ बसलास की एक गालात धरायचा. तो तोंडात असेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही."

"म्हणजे औषध मी घ्यायचं?"

"अंगावरच्या बाळाचं औषध आईच घेते ना? तसंच हे."

तेल्याने घरी येऊन ठकूसमोर हिरडा गालात धरला. तो इतका तुरट की बिचाऱ्याच्या तोंडाचा चंबू झाला. ठकू बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बा, तू तोंड असं का करतोस?"

किती दिवसांनी आलेला 'का' तो. तेल्याचा जीव हरखला, पण बोलायची चोरी. मग त्याने एक तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिच्याही तोंडाचा चंबू झाला आणि दोघं पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बैलाच्या डोळ्यांवर झापड का?"

तेली विचारात पडला. त्याचा बाप बांधायचा म्हणून तोही बांधत आला होता. सांगता येत नव्हतं आणि सांगायची मुभाही नव्हती. त्याने उपरणं तिच्या डोळ्यांवर बांधलं, हात धरला आणि घाण्याभोवती फेऱ्या मारल्या.

"बा, आपण नदीपलीकडे पोचलो?"

त्याने उपरणं सोडलं. ठकू होती तिथेच उभी. "म्हणजे बैलाला वाटतं, तो रोज गावाला जातो," ती खिदळत म्हणाली आणि तिने बापाचे डोळे बांधले.

दारातून तेलीण हे बघत होती. "घाण्याला आता तीन बैल झाले," ती हसून म्हणाली.

हिरडे संपत आले तेव्हा वैद्यबुवा तेल न्यायला आले. "आणखी देऊ?" पिशवीतून हिरड्यांची पुरचुंडी काढत त्यांनी विचारलं.

तेली उत्तर देणार, तोच बाहेरून आवाज आला, "का?"

"आलो गं, चल, बघू," म्हणत तेली ताडकन उठला. अंगणात जाऊन बघतो तर छपरावर कावळा. खाली उभी राहून ठकू त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"बा, याला उत्तर कोण देतं?"

"मलाही ठाऊक नाही. चल, बघू."

वैद्यबुवांनी पुरचुंडी परत पिशवीत टाकली.

तात्पर्य: लेकराच्या 'का'ला उत्तर येत नसलं तरी अडत नाही, त्याचा हात धरून बघायला उठावं, बुद्धी तिथेच वाढते.