नातालबायची साक्ष

खारभाटच्या चर्चवर कौलं नव्हती, माडाच्या झावळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

गावात नाताल नावाची सुईण होती. त्या काळी बाप्तिस्म्याआधी मेलेलं मूल दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरत, कोल्ह्याकुत्र्यांच्या वाटेवर. आणि बाप्तिस्मा फक्त जिवंताला. म्हणून मूल मेलेलं जन्मलं, की नातालबाय त्याच्या कपाळावर पाणी घाली आणि पाद्रीबाबांना सांगे, "श्वास होता. मी पाहिला." तिच्या शब्दावर अकरा बाळं भिंतीच्या आत झोपली, असं म्हणतात.

मग पेद्रू जन्मला. निळा, निपचित. पण छातीशी हात नेला तर बारीकशी धुगधुग होती. नातालबायनं पाणी घातलं, पाठीवर थाप दिली, आणि पोरानं असा टाहो फोडला की खाडीतले बगळे उडाले. पाद्रीबाबांना तिनं नेहमीचंच सांगितलं, "श्वास होता. मी पाहिला." पुढे हाच पेद्रू संत झाला.

त्याच्या आईला, मारियानबायला, तेवढ्यानं समाधान नव्हतं. "माझा पोर मेला होता, देवानं उठवला," असं ती गावभर सांगत सुटली. पाद्रीबाबा खवळले. मेलेल्याला बाप्तिस्मा? मग ती अकरा तरी जिवंत होती कशावरून? उकरून बाहेर काढा त्यांना!

कुदळी आल्या. अकरा आया भिंतीला धरून उभ्या राहिल्या. तेव्हा नाताल म्हणाली, "बाबा, खोटं मी एकदाच बोलले. पेद्रू मेलेलाच होता. बाकीची सगळी रडली माझ्या हातावर."

जन्मात एकदाच ती खरं बोलली होती, आणि तेच तिनं खोटं ठरवलं.

असं म्हणतात, त्याच क्षणी भिंतीच्या आतून अकरा बाळांचं रडणं ऐकू आलं. कुदळी गळून पडल्या. पण सजा टळली नाही. नाताल मेली तेव्हा तिला भिंतीबाहेर पुरलं. रडणं साऱ्या गावानं ऐकलं होतं, तिच्या बाजूनं तोंड मात्र कुणी उघडलं नाही. मारियानबायनंही नाही.

आता पेद्रूच्या घरात लहानसं संग्रहालय आहे. काचेआड त्याचा झगा, जपमाळ, पाळणा. दारावर पाटी: 'येथे मृत बालक जिवंत झाले.' नातालचं नाव कुठेच नाही. ते लिहायचं तर पाटी पुसावी लागेल, आणि पाटी पुसली तर बघायला येणार कोण?

मृतांच्या दिवशी मात्र खारभाटच्या बाया पहिली मेणबत्ती भिंतीबाहेर लावतात, मग आतल्या कबरींकडे वळतात. जिचं मूल गेलं असेल, तिच्या हातून ती पेटते. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत भिंतीपर्यंत येतात आणि थांबतात. त्यांनी पुढची चार पावलं नातालच्या कबरीपर्यंत टाकावीत, अशी परवानगी बाया दरवर्षी चर्चकडे मागतात. अजून कुणी दिलेली नाही.