राजाच्या तोंडची ओळ

इंग्लंडात चारशे वर्षांपूर्वी छापलेल्या नाटकांच्या जुन्या प्रती ताडून पाहायच्या आणि त्यांतून बिनचूक नाटक उभं करायचं, यातच प्राध्यापक नाडगौडाबाईंची सारी नोकरी गेली. त्यांच्या निरोप समारंभात कुलगुरू रणनवरे म्हणाले, “बाई कष्टाळू खऱ्या, पण संपादन म्हणजे दुसऱ्याच्या तांदळातले खडे वेचणं! त्यांची जागा आम्ही आता भरणार नाही. प्रतिभा पाहायची तर ही पाहा!”

मग बाईंनीच संपादित केलेलं एक नाटक उघडून कुलगुरूंनी पदच्युत राजाचं वाक्य ठसक्यात म्हटलं, “‘मुकुट उतरला की डोक्याचं खरं वजन कळतं.’ वाहवा! अशी एक ओळ लिहायला संपादकाला सात जन्म लागतील.”

बाई शांतपणे उठल्या. “साहेब, मूळ प्रतीत त्या जागी कसरीनं पाडलेलं भोक आहे. ती ओळ मी रचली, आणि खाली तळटिपेत तसं सांगितलंही आहे.”

रणनवऱ्यांनी पान पुन्हा पाहिलं. टीप तिथेच होती. सभागृहात हशा पिकला.

“जागा भरू,” ते पुटपुटले.

“जरूर भरा,” बाई म्हणाल्या. “न निवडता जेवायला बसलं की खडा दाताखाली येतोच.”