पाचव्या वातीची कवडी

एका राज्यात, जिथं नद्या राजाला विचारून वळण घेत आणि पाखरं दरबारात साक्षीला उभी राहत, तिथं वाट चुकलेली माणसं दिव्याच्या बळावर घरी येत.

रीत अशी होती. घरातलं माणूस परमुलखात निघालं की तिन्हीसांजेला उंबरठ्यावर पितळी समई लावायची. समईला वाती पाच. चार वाती चार दिशांच्या, दुसऱ्यांच्या माणसांसाठी. त्या राज्याचा कुणीही वाटसरू कुठंही असो, त्याला त्या उजेडात आपलं घर दिसे आणि पावलं आपोआप वळत. पाचवी वात मात्र आपल्या माणसासाठी. चार वाती समईच्या मोलातच येत. पाचवीसाठी वात वळणारीच्या तळहातावर एक कवडी वेगळी ठेवावी लागे. एका कवडीत काय येतं? काही नाही. पण ठेवावी लागे.

त्या समया ओतायचा दादोबा ओतारी, आणि वाती वळायची त्याची बायको गिरजाई. एक समई ओतायला दादोबाला महिना लागे, म्हणून मोल चढं असे. पण समई तीन पिढ्या टिके.

त्याच पेठेत नागोशेटचं दुकान होतं. नागोशेट शाळेत गेला नव्हता, बाजारात शिकला होता. माणूस गोड. गिऱ्हाईक दारात आलं की आधी पाणी, मग सुपारी, मग भाव. आणि एक खोड होती, साऱ्या राज्याला ठाऊक असलेली. काहीही विकत घेतलं की तो हसून विचारी, “आणि वर?” मेथीच्या जुडीवर कोथिंबीर वर, कापडावर चिंधी वर. एकदा म्हणे त्याने बैल घेतला आणि वर दावं मागितलं. दावं मिळालं तेव्हा वर घुंगरू मागितलं. विकणाऱ्याने घुंगरूही दिलं आणि कपाळावर हात मारला. नागोशेटचा एकुलता मुलगा मानकू बोलायला लागला तो गल्ल्यावर बसून, आणि त्याचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘वर’ होता. बाप आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगे.

अशात पेठेत झळकनाथ नावाचा जादूगार आला. त्याच्यासोबत शंभर खेचरं, खेचरांवर दिवे. तेल नको, वात नको, काजळी नाही. चुटकी वाजवली की पेटे, आणि उजेड असा की आंधळ्याने डोळे मिटावे. मोल समईच्या पाव हिश्शाला. शिवाय वर अशी सवलत, की जुनी समई आणून द्या आणि नवा दिवा फुकट न्या.

“शेटजी,” झळकनाथ म्हणाला, “तुमच्या दुकानात ठेवा. विकला तर नफा तुमचा, न विकला तर माल माझा.”

“आणि वर?” नागोशेटने विचारलं.

“वर तुमच्या घरी दोन दिवे.”

नागोशेट तिथंच विकला गेला.

दादोबा दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. “शेट, माझ्या भट्टीला राख धरली. लोकांना तुम्ही सांगून पाहा. तुमचं ऐकतात.”

“दादोबा, बसा, पाणी घ्या. अहो, लोकांना मी काय सांगणार? लोक मला सांगतात. त्यांचा हात कुठल्या मालाकडे जातो ते मी बघतो, आणि तो माल पुढे सरकवतो. तुम्ही मोल उतरवा.”

“उतरवलं तर पितळ पातळ होईल.”

“मग होऊ द्या की! कोण वाजवून बघतंय?”

दादोबा पाणी न पिता गेला. समया एकेक करून झळकनाथाच्या खेचरांवर चढल्या. घरं झळझळली. नागोशेटच्या घरची समईही गेली. त्याची बायको उमाई नको नको म्हणत होती, पण दुकानदाराच्याच घरी जुना माल दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

मग मानकू व्यापाराला दक्षिणेस गेला. राजाचा युवराज शिकारीला उत्तरेस गेला. इतरही पुष्कळ गेले. परत कुणी आलं नाही.

ऋतू पालटला तरी वाटा रिकाम्याच. तेव्हा राजाने चौकात सभा भरवली आणि विचारलं, “प्रजाजनहो, आपल्या राज्यात घडलेल्या समईला चढं मोल द्याल का?”

“देऊ! देऊ!” असा गजर झाला की कबुतरं उडाली. म्हाताऱ्यांनी काठ्या वर केल्या, बायांनी बांगड्या. नागोशेट सर्वांत पुढे होता आणि त्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी दादोबाच्या दुकानी कुणी फिरकलं नाही. राजाने दरबारातल्या औदुंबरावरच्या भारद्वाजाला बोलावलं. तो पक्षी लाल डोळ्यांनी दूरचं पाही आणि खोटं कधी बोलत नसे.

“पक्षिराज, माणसं कुठं गेली?”

“शापात. परक्या दिव्याचा उजेड वाटसरूला घर दाखवत नाही, झळकनाथाची दरी दाखवतो. शाप तोडायचा तर कामं तीन, आणि ती त्याने करायची ज्याने तो दिवा आधी विकला.”

साऱ्या दरबाराने नागोशेटकडे पाहिलं. नागोशेटने पागोटं सावरलं. “करतो. माझाही मुलगा गेलाय.”

“पहिलं काम. दरीत जा, दिवे कोण करतं ते पाहून ये. पण हाक मारू नकोस. तिथं हाक मारील त्याला तिथंच राहावं लागतं.”

नागोशेट गेला. वाटेतल्या पहाडाने त्याच्याकडे जकात मागितली, त्याने सुपारी दिली, पहाड बाजूला झाला. दरीच्या काठावर पालथं पडून त्याने खाली पाहिलं. आपल्याच राज्याची माणसं भट्ट्यांवर ओळीने बसली होती. आपल्याच उंबरठ्यांवरच्या समया वितळवून ती दिवे ओतत होती. त्यांना मजुरी नव्हती, म्हणूनच तर दिवा स्वस्त होता. युवराज फुंकणी फुंकत होता. आणि एका साच्याशी मानकू बसला होता. केस पिंजारलेले, डोळ्यांत नुसती झळक. त्याने मान वर केली, बापाकडे पाहिलं, आणि भिंतीकडे पाहावं तसं पाहून पुन्हा साच्यात डोकं घातलं.

नागोशेटने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. हाक मारली नाही.

परत आल्यावर भारद्वाज म्हणाला, “दुसरं काम. पाहिलंस ते पेठेला सांग. आणि एक गिऱ्हाईक आण, जे शेजारी स्वस्त दिवा असताना दादोबाची समई पुऱ्या मोलाने घेईल. राजाची आज्ञा नको, बक्षीस नको.”

“एवढंच? पेठेत माझा शब्द चालतो, महाराज.”

नागोशेटने चौकात उभं राहून सारं सांगितलं. सांगताना रडला. पेठही रडली. सगळे तसेच डोळे पुसत दादोबाच्या दारी गेले.

“किती ओ ही समई?” सराफाच्या सुनेने विचारलं. दादोबाने मोल सांगितलं. “अगंबाई! घ्यायचीच आहे मला. शेजारच्या काकूंनी घेतली की लगेच घेते.”

“आमच्या घरचं कुणी बाहेर नाही,” तेली म्हणाला. “आम्ही कशाला?”

“शेटजी, एक विचारू?” हा कोतवालाचा मेहुणा, पेठेतला शहाणा. “एका समईच्या चार वातींनी सगळ्यांची माणसं येतात ना? मग मीच घ्यायला पाहिजे असं कुठं आहे? कुणीतरी घेईलच की!”

सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी घेईल, या भरवशावर सगळे घरी गेले. जाताना दोघांनी नागोशेटच्या दुकानातून झळकनाथाचे दिवे नेले, कारण घरात अंधार होता.

नागोशेट रिकाम्या अंगणात उभा राहिला. रागवावं तर कुणावर? हे सारे त्याचेच शब्द होते. वर्षानुवर्षं त्याने ते गिऱ्हाइकांच्या तोंडी घातले होते.

“नाही मिळालं, पक्षिराज.”

“मग तिसरं काम. गिऱ्हाईक मिळत नसेल तर गिऱ्हाईक हो. मात्र मोल पुरं दे. जेवढ्याचं मोल देशील, तेवढंच परत येईल.”

नागोशेट घरी आला. उमाईने तिजोरी उघडून दिली. तो निघाला तेव्हा तिने त्याच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारली.

“हे काय?”

“पाचवीची कवडी. तुम्ही कधी वाती आणल्या नाहीत, मीच आणायचे. म्हणून आठवण करते. गिरजाईच्या हातावर ठेवायची. विसराल.”

“मी? अगं, देण्याघेण्यात मी कधी काही विसरलोय?”

दादोबाकडे एकच समई उरली होती. नागोशेटने ती उचलली, टिचकी मारली. नाद उंबरठ्यापासून आढ्यापर्यंत गेला.

“मोल?”

दादोबाने सांगितलं. नागोशेटच्या कपाळाला घाम आला. चाळीस वर्षांत त्याने पहिला सांगितलेला भाव कधी दिला नव्हता. जीभ टाळ्याला लागून परत आली. ‘काही कमी’ असे दोन शब्द दातांपाशी आले. ते त्याने गिळले. थैली उपडी केली. पुरं मोल दिलं. आढ्यावर बसलेला भारद्वाज मान हलवताना दिसला आणि नागोशेटचं काळीज हलकं झालं. जिंकलं! असं वाटलं की मानकू आता दारातच आहे.

गिरजाईने पाच वाती पुढे केल्या. नागोशेट हसला. सुटल्यासारखा, सवयीने हसला आणि म्हणाला, “आणि पाचवी वर, गिरजाई!”

गिरजाईचा उघडा तळहात तसाच राहिला. तिचे ओठ हलले. पण एवढ्या वर्षांत पेठेतल्या प्रत्येक विकणाऱ्याला शेटजींनी हेच शिकवलं होतं, की ‘वर’ म्हटलं की वाद घालायचा नाही. तिने हात मिटला आणि पाचवी वात चारांवर ठेवली. आढ्यावर भारद्वाजाने डोळे मिटून घेतले. नागोशेटचं लक्ष समईकडे होतं.

तिन्हीसांज झाली. उमाईने उंबरठ्यावर समई लावली. पहिली वात लागली, दुसरी लागली, तिसरी, चौथी. पाचवी नुसती धुमसली. उमाईने तेल घातलं, वात पुढे ओढली, पदराने वारा अडवला. वात काळी पडली.

“कवडी दिलीत ना हो?” तिने मान वर न करता विचारलं.

नागोशेटचा हात उपरण्याच्या टोकाकडे गेला. गाठ तशीच होती.

तेवढ्यात चारी वेशींवर नगारे झाले. दरी फुटली होती, झळकनाथ आपल्याच झळकेत विरघळून गेला होता, आणि घराघरातले त्याचे दिवे काळे ठिक्कर पडले होते. वाटा माणसांनी भरल्या. युवराज आला, राजा अनवाणी धावला. तेल्याकडचं कुणी गेलं नव्हतं तरी तेली आनंदाने नाचला. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या दारी गेलं.

मानकूही आला. गर्दी चालत होती म्हणून तिच्याबरोबर चालत आला. नागोशेटच्या दारावरून पुढे गेला.

“मानकू!” उमाई धावत जाऊन त्याच्या हाताला बिलगली.

तो थांबला. हात सोडवून घेतला नाही, तेवढा सभ्य होता. “माई, तुमचा काही घोटाळा होतोय. मला या गावात कुणी नाही. इथं धर्मशाळा कुठं आहे?”

नागोशेट पळत दादोबाकडे गेला. गिरजाईच्या हातावर त्याने कवडी ठेवली, मग मूठभर कवड्या ठेवल्या, मग अंगठी काढून ठेवली. गिरजाई रडत राहिली.

“आता नाही,” वरून भारद्वाज म्हणाला. “पाचवी वात वाटेवरच्याला दिसते. आणि जो एकदा तिच्यावाचून पोचला, त्याला ती पुन्हा कधीच दिसत नाही.”

“एका कवडीसाठी, पक्षिराज?”

“तू जे फुकट मागितलंस, ते कवडीचं नव्हतं.”

शाप तुटला, राज्याची घडी बसली. आज दादोबाच्या नातवाच्या भट्टीला दम घ्यायला वेळ नाही. लोक सांगितलेलं मोल मोजतात, आणि पाचवीची कवडी आधी तळहातावर ठेवतात. ते उमजले म्हणून देतात, की शेजारी स्वस्त दिवा उरला नाही म्हणून देतात, हे राजालाही ठाऊक नाही. आणि पुन्हा सभा भरवून विचारायचं धाडस त्याने केलेलं नाही.

मानकू त्याच पेठेत राहिला. धर्मशाळेजवळ त्याने खोली घेतली, मसाल्याचं छोटं दुकान मांडलं. माणूस गोड. दर आठवड्याच्या बाजाराला तो नागोशेटकडे सुपारी घ्यायला येई. नागोशेट आधी पाणी देई, मग सुपारी, मग भाव सांगे. आत दाराआड उमाई उभी असे.

पहिल्याच खेपेला मानकूने पुडी उचलली, वळला, आणि काहीतरी कुठंसं आठवावं तसा थबकला. मग हसला. हुबेहूब बापासारखा.

“आणि वर, शेटजी?”

नागोशेटने पुडीकडे पाहिलं, दाराआडच्या पदराकडे पाहिलं. साऱ्या दुकानातली सुपारी वर द्यावी, दुकानच द्यावं, असं त्याला वाटलं.

“इथं वर काही मिळत नाही, पाहुणे,” तो म्हणाला. “मोल पुरं देत जा.”