बरोबरीत सुटलेली कुस्ती

“...ते सगळं ऱ्हाऊ द्या, वस्ताद. मी जिंकणार का हरणार, एवढंच सांगा.”

इंद्रजित खोतानं तालमीच्या दारात अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

दस्तगीर वस्ताद हौद्यातली लाल माती उकरत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण रोज सकाळी माती स्वतःच उकरणार, ताक-तेल घालून स्वतःच मऊ करणार. कालची दबलेली माती पैलवानाच्या पाठीला लागते, असं त्यांचं म्हणणं.

“आधी पायातलं काढ,” ते म्हणाले.

इंद्रजितनं काढलं. डाव्या पायातली चप्पल जरा वेळानं निघाली.

त्याच्या मेंदूत गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून निघेल तेवढी काढली. उरलेली अशा जागी बसली होती की तिला हात लावायची सोय नाही. रोज गोळ्या घ्या, अधूनमधून स्कॅन करून बघू, म्हणाले. वाढेल का? सांगता येत नाही. जाईल का? सांगता येत नाही. कुस्ती मात्र कायमची बंद.

आता इंद्रजित म्हणजे कसला गडी! निकाल लागल्याशिवाय त्याला घास गिळायचा नाही. एकदा भर मैदानात पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर या बहाद्दरानं समोरच्याची कंबरच सोडली नाही. चौघांनी ओढून काढला तेव्हा कुठं... त्या माणसाला हे ‘सांगता येत नाही’ सोसावं कसं? परवापासून त्यानं गोळ्याच बंद केल्या होत्या. बायको वैशाली रडून थकली, आणि शेवटी वस्तादांच्या कानावर घालून, गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशात कोंबून तिनं त्याला वस्तादांकडं धाडलं.

“गोळ्या का सोडल्यास रं?”

“एकदा काय तो निकाल लागू दे. रोज उठून वाट कुणी बघायची?” त्याचा आवाज फाटला. “भ्या वाटतंय, वस्ताद.”



वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. “ये मातीत.”

“डॉक्टर म्हणालेत की...”

“डोस्क्याला हात लावत न्हाई तुझ्या. बस खाली. डावा हात दे.”

दोघं समोरासमोर मांडी घालून बसले. वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. “घे सोडवून.”

या वाळक्या म्हाताऱ्याच्या हातातून? इंद्रजितनं हिसका दिला. सुटलं नाही. ऑपरेशनपासून डाव्या हातातला जोर निम्मा गेला होता. पण वस्तादांनाही त्याला तसूभर आपल्याकडं ओढता येईना.

इंद्रजितनं दात आवळले. वस्तादांनी डोळे वटारले. दोघांच्या कपाळावरचा घाम मातीत पडायला लागला. तालमीतलं मांजर येऊन बघून गेलं.

...

“दमलासा व्हय, वस्ताद?”

“मी? तूच धापा टाकायलाइस!”

“मग सोडा की.”

“तू सोडव की!”

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पलीकडच्या शाळेची घंटा झाली, तसे वस्ताद त्याच्या मनगटासकट उठले आणि दोघांचे हात वर करून रिकाम्या तालमीत ओरडले, “सुटली! बरोबरीत सुटली!”

“मान्य न्हाई!” इंद्रजित सवयीनं गरजला.

आणि स्वतःचंच ऐकून त्याला असं हसू फुटलं की तो परत मातीतच बसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसत होता गडी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं... वस्तादांनी ते बघितलंच नाही, असं दाखवलं.

त्यांनी कोनाड्यातला थंडाईचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि तळहात पसरला. “आण.”

इंद्रजितनं खिशातलं पाकीट काढून दिलं. वस्तादांनी एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग तोंडात टाकली आणि वर घटाघटा थंडाई प्याला.

तोंड पुसत म्हणाला, “बरं, आजची बरोबरीत. कबूल. पण उद्या कोण जिंकणार, ते तरी सांगा!”

वस्तादांनी पायानं माती सारखी केली. खोरं उचलून कोपऱ्यात ठेवलं.

“उद्याची माती अजून कुणी उकरलीया व्हय?”