होयबा बैल आणि वाटीभर कट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे म्हातारेसुद्धा म्हणत, "आमच्या वेळी असं नव्हतं बुवा." म्हातारे तेव्हाही असेच होते.

एका राज्यात तीन विद्यापीठं होती. एक टेकडीवर, एक नदीकाठी आणि एक आमराईत. टेकडीवर झाडापाल्याचा अभ्यास चाले, नदीकाठी माणसाच्या देहाचा, आमराईत मातीचा आणि पिकांचा. तिन्हीकडची माणसं हुशार होती. उगाच कशाला खोटं बोला, खरोखर हुशार होती. एकेका दाण्यासाठी दहा-दहा वर्षं घालवणारी. पण तिघांचं आपसात बोलणं बंद होतं. का? तर राजाच्या दरबारात उजव्या हाताला कोणी बसायचं, यावरून तेवीस वर्षांपूर्वी भांडण झालं होतं. भांडणारे सगळे पांढऱ्या दाढीचे.

त्या राज्यात ओळीनं तीन वर्षं पाऊस रुसला. शेतं करपली. भुरकी नावाची एक रानटी डाळ तेवढी तग धरून राहिली. लोक भुरकी खाऊ लागले, आणि लोकांचे पाय आखडू लागले. आधी माणूस चवड्यांवर चाले. मग एक काठी लागे. मग दोन. मग काठ्याही सुटत आणि माणूस सरपटू लागे. कुणी म्हणे शाप आहे, कुणी म्हणे वारं आहे. डाळीवरही संशय होताच. पण पोटात दुसरं घालायला होतं काय?

त्याच राज्यात एक नंदीवाली होती. लहानपणी तिला बापानं टेकडीवरच्या विद्यापीठात घातलं होतं. आठ दिवस टिकली. आचार्य काहीही सांगत, की ही विचारी, "म्हणजे काय?" नवव्या दिवशी आचार्य म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळतं. तू घरी जा." ती घरी गेली. मागं राहिला तो बापाचा बैल आणि गावोगाव फिरण्याचा धंदा.

बैलाचं नाव होयबा. अंगावर झूल, शिंगांना गोंडे. धाकटा भाऊ गुबूगुबू ढोलकं घुमवी, लोक प्रश्न विचारत, नंदीवाली हळूच दोरी ओढी आणि होयबा मान डोलावी. लग्न जमेल? होय. पाऊस पडेल? होय. सगळे खूश. भाऊ मात्र आता काठीवर आला होता. एका काठीवर. दुसरी कधी लागते याचाच घोर नंदीवालीला लागला होता, कारण त्यांचा धंदा पायांचा. जो चालेल तो खाईल.

एके दिवशी एका म्हातारीनं सूप पुढं केलं. त्यात मूठभर भुरकी होती. म्हातारी म्हणाली, "नंदीबाबा, घरात एवढंच आहे. हे खाल्लं तर चालेल ना रे?"

नंदीवालीनं दोरी ओढली. मान हलली नाही. तिनं पुन्हा ओढली, मग चिमटा काढला.

"डोलव की मेल्या! माणसं बघतायत."

"कशाला डोलवू?" बैल म्हणाला. त्या काळी जनावरं बोलत असत. माणसं ऐकत नसत, एवढंच. "मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"मला कुठून माहीत असणार?"

"आजवर न कळता लाख वेळा मान हलवली मी. पण ही म्हातारी खरोखर खाणार आहे गं."

म्हातारीला नंदीवालीनं सूप परत दिलं. "आजी, थांबा थोडं. विचारून येते." आणि ज्या दारातून तिला हाकलली होती, त्याच टेकडीची वाट धरली.

वाटेत तीन दगडांची चूल मांडून तिनं आपली भुरकी शिजवली. डाळ स्वतःच्या पानात घेतली आणि वर आलेलं दाट पाणी, म्हणजे कट, वाटी भरून भावाला दिला. आजाऱ्याला, लेकराला, बाळंतिणीला कट द्यायचा, सगळं सत्त्व त्यात उतरतं, असं तिला आईनं शिकवलं होतं.

"अक्का, तूही घे की थोडा."

"मला काय धाड भरलीय? पी मुकाट्यानं. पायात जोर येईल."

टेकडीवर सभा भरली होती. आचार्य उच्चासनावर बसले होते, शेजारी सागवानी काठी. समोर चाळीस शिष्य. नंदीवालीनं पायऱ्यांखालूनच ओरडून विचारलं, "भुरकीनं पाय जातात का हो?"

आचार्यांनी डोळे मिटले. "या धान्याच्या बीजगर्भी जलविलेय विषतत्त्व अधिष्ठित असून उष्णतायोगे त्याचे निःसरण संभवते."

चाळीस माना डोलल्या. एक हलली नाही.

"तुमच्या बैलाला शिस्त नाही," आचार्य म्हणाले. "अर्थात बैलाला काय कळणार!"

"खरं आहे," नंदीवाली म्हणाली. "आणि या चाळिसांना?"

होयबानं पहिल्या रांगेतल्या शिष्याला विचारलं, "म्हणजे काय रे, दादा?" शिष्य जमिनीकडे पाहू लागला.

"ज्याला कळायचं त्याला..." आचार्य सुरू झाले.

"...कळतं," नंदीवालीनं वाक्य पुरं केलं. "पाठ आहे मला ते."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण विदुषी उठली. भुरकीवरचं सारं काम तिचंच होतं. अकरा वर्षं डाळ उकळून वाफेनं तिच्या बोटांची सालं निघाली होती. नाव मात्र आचार्यांचं होई. हे काही नवीन नाही. ती पायऱ्या उतरून थेट बैलापाशी आली. विद्यापीठ उभं राहिल्यापासून त्या पायऱ्या उतरून कुणी काही सांगायला खाली आलं नव्हतं.

"भुरकीत विष आहे," ती म्हणाली. "पाय त्यानंच आखडतात. पण डाळ गरम पाण्यात ठेवली, की विष डाळीतून निघून पाण्यात उतरतं. समजलं?"

गोंडे जरा हलले. मान हलली नाही. "एक विचारतो, बाई. ते पाणी कुठं जातं?"

"कुठं म्हणजे? मी मोरीत ओतते."

"आणि लोक?"

अकरा वर्षांत तिनं हजारदा डाळ उकळली होती, पण कुणाच्या चुलीपाशी बसली नव्हती.

उत्तर नंदीवालीनं दिलं. "आम्ही नाही ओतत. तो कट असतो. जो आजारी, त्याला देतो आम्ही. आधी त्यालाच देतो."

तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ काठीवर रेलून उभा होता.

"अक्का," तो म्हणाला, "तुला कुठं माहीत होतं?"

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून विद्यापीठाची स्वयंपाकीण बोलली. "अगं बाई! मग आचार्यांचं काय? गुडघे धरतात म्हणून तीन वर्षं रोज वाटीभर कट देते मी त्यांना. आपल्याही कोठीत दुसरं काय आहे?"

चाळीस शिष्यांनी आचार्यांच्या काठीकडे पाहिलं. आचार्यांनीही पाहिलं. ते सगळ्यांना सांगत आले होते, की हे वयानं आहे. वर सभागृहात विषाचा शोध लागला होता, आणि खाली स्वयंपाकघरात तेच विष मायेनं वाटीत वाढलं जात होतं. मधे फक्त एक जिना होता.

आचार्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

इथं त्या म्हाताऱ्याला मान दिला पाहिजे. पांढरी दाढी असताना चाळीस जणांदेखत हे तीन शब्द बोलायला छाती लागते.

विदुषी बैलाकडे वळली. "डाळ सकाळी गरम पाण्यात घाला. पाणी फेका. तीनदा तसंच करा, मग शिजवा. कट कुणालाही देऊ नका. आजाऱ्याला तर नाहीच."

होयबानं मान डोलावली. दोरी कुणी ओढली नव्हती.

"आणि जे पाय आखडलेत, ते सुटतील का?" नंदीवालीनं विचारलं.

"ते मला माहीत नाही. नदीकाठचे सांगतील."

"मग विचारा की त्यांना!"

"बोलणं बंद आहे आमचं."

"बोलणं बंद? इथं माणसं सरपटतायत आणि तुम्हाला रुसायला वेळ आहे? माझ्या भावाला दुसरी काठी लागेपर्यंत थांबणार आहात का?"

आचार्य काठी टेकत उठले. "चल, पोरी," ते नंदीवालीला म्हणाले. "वाट तुला माहीत आहे."

नदीकाठच्या दारात आचार्य धापा टाकत उभे राहिले आणि म्हणाले, "उजवी बाजू तुमची. कायमची. आता एवढंच सांगा, आखडलेला पाय सुटतो का?"

नदीकाठचे कुलगुरू चमकले. मग त्यांनीही तेवीस वर्षांचा रुसवा गिळला. "सुटत नाही," ते म्हणाले. "पण विष थांबलं तर पाय आहे तिथंच थांबतो. फक्त एक कोडं आम्हाला तीन वर्षं सुटत नाही. एकाच घरात डाळ खाणारे चालतायत आणि डाळ न खाणारी लेकरं आधी पडतायत, ते का?"

"कट," नंदीवाली म्हणाली.

कुलगुरूंनी कपाळावर हात मारला. तीन वर्षांचं कोडं एका शब्दानं सुटलं, आणि तो शब्द राज्यातल्या प्रत्येक बाईला माहीत होता.

मग सगळे मिळून आमराईत गेले. तिथं कमी पाण्यावर येणाऱ्या ज्वारीचं बियाणं कणग्या भरून पडलेलं होतं. ग्रंथ पुरा व्हायचा होता म्हणून बाहेर काढलं नव्हतं. होयबानं एकच विचारलं, "भूक ग्रंथासाठी थांबते का?" त्याच दिवशी कणग्या फोडल्या.

तिन्ही विद्यापीठांनी मग करार केला. करार नंदीवालीनं सांगितला आणि विदुषीनं लिहिला. ज्याला काही नवं सापडेल, त्यानं आठवडी बाजारात उतरून होयबाला सांगायचं. मान हलली नाही तर चूक बैलाची नाही. आणि जेवढा वेळ बोललात, तेवढाच वेळ बसून ऐकायचं. काही म्हातारे कुरकुरले, बाजारात बसणं आम्हाला शोभत नाही म्हणाले. त्यांना बोलावणंच बंद केलं.

पहिल्या बाजारात गर्दीतून एक बाई कडाडली, "कट नाही, तर आजाऱ्याला द्यायचं काय? फुकटचं ज्ञान?" विदुषी सरळ म्हणाली, "माहीत नाही, बाई. तुम्हीच सांगा." सूपवाली म्हातारी पुढं झाली. "आंबील द्या की! मूठभर ज्वारीत घर जेवतं." विदुषीनं ते लिहून घेतलं, म्हातारीच्या नावानिशी.

त्या वर्षानंतर त्या राज्यात एकही नवं माणूस सरपटलं नाही. नंदीवालीच्या भावाचा पाय सुटला नाही, कारण जे गेलं ते गेलं. पण दुसरी काठी त्याला कधीच लागली नाही. एका काठीवर तो गावोगाव फिरला आणि ढोलकं घुमवत राहिला. आचार्यही त्याच्यासोबत बाजारात येत. दोघं एकाच ओट्यावर टेकत आणि आपापल्या काठ्या एकमेकींना टेकवून ठेवत. नंदीवालीनं कट देण्याची ती वाटी मोडीत काढली नाही. तिनं ती होयबाच्या गळ्यात बांधली. तो चालला की ती वाजे, आणि लोक म्हणत, "चला, विचारायची वेळ झाली."

बैलाचं नाव होयबाच राहिलं. पण आता त्याच्या होयला वजन आलं होतं.

तात्पर्य : जे ज्ञान चुलीपाशी बसून ऐकत नाही, ते कितीही खरं असलं तरी अर्धंच असतं.